अपेक्षित अर्धा, प्रत्यक्षात पाच

दिल्लीत आमच्या वसाहतीमागे एक लहानसे उद्यान आहे. सकाळी तेथे फिरावयास येणाऱ्यांत दोन-तीन मराठी मंडळी असतात. त्यांतील एक ज्येष्ठ गृहस्थ रेल्वेच्या लेखा विभागातून निवृत्त झाले आहेत. आम्ही सारे त्यांना नाना म्हणतो. मागील पावसाळ्यात त्यांच्या अभियंता मुलाची नेमणूक एका अणुवीज केंद्रावर झाली. सूनबाई माहेरी बाळंत झालेली, बाळ तीन महिन्यांचे. एके दिवशी बाकावर बसता बसता नाना म्हणाले, "साहेब, तुम्ही अर्थशास्त्राचे माणूस, आकडे वाचता. एवढेच सांगा, तान्ह्या पोराला घेऊन तिकडे राहावयास जाणे बरे की नाही? आमच्या घरात रोज हाच विषय चालतो."

अशा प्रश्नाला दोन तयार उत्तरे असतात. एक सरकारी माहितीपत्रकातले, दुसरे आंदोलनाच्या पत्रकातले. नानांनी दोन्ही वाचलेली होती, म्हणूनच ते मला विचारत होते. मी दोन दिवसांची मुदत मागितली. अनेक वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणासाठी मी या विषयावर टिपणे काढली होती. ती शोधून काढली, त्यानंतरच्या वर्षांत काय झाले तेही वाचले, आणि रविवारी त्यांना सीस्केल या गावाची हकीकत सांगितली. तीच येथे थोड्या विस्ताराने देत आहे. प्रशासनात काम करणाऱ्याने हे प्रकरण मुळातून समजून घ्यावे, असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे.

सीस्केल हे इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरील, सुमारे दोन हजार वस्तीचे गाव. रेल्वे आल्यावर एकोणिसाव्या शतकात ते समुद्रस्नानासाठी येणाऱ्यांचे ठिकाण म्हणून थोडेफार नावारूपाला आले. गावापासून तीनेक किलोमीटरवर सेलाफील्ड येथे दुसऱ्या महायुद्धात स्फोटकांचा सरकारी कारखाना होता. युद्ध संपल्यावर ब्रिटनला स्वतःचा अणुबॉम्ब हवा होता. त्यासाठी प्लुटोनियम तयार करणाऱ्या दोन अणुभट्ट्या त्याच जागी बांधण्याचे काम १९४७ मध्ये सुरू झाले. पहिली १९५० मध्ये आणि दुसरी १९५१ मध्ये कार्यान्वित झाली. प्रकल्पाला विंडस्केल हे नाव देण्यात आले. बाहेरगावचे शास्त्रज्ञ, अभियंते, व्यवस्थापक आपापल्या कुटुंबांसह सीस्केलमध्ये येऊन राहिले. किनाऱ्यावरच्या एका आडगावात थोड्या वर्षांत उच्चशिक्षितांची नवी वसाहत उभी राहिली. हा तपशील ध्यानात ठेवावा, पुढे त्याचे काम आहे.

या भट्ट्या हवेने थंड केल्या जात आणि ती हवा उंच धुराड्यांतून बाहेर सोडली जाई. १० ऑक्टोबर १९५७ रोजी पहिल्या भट्टीच्या गाभ्यात आग लागल्याचे ध्यानात आले. दुसऱ्या दिवशी पाणी ओतून आणि हवा बंद करून ती विझविण्यात आली. किरणोत्सर्गी आयोडीन हवेत गेले. ते गवतावर बसते, गाईच्या दुधात उतरते आणि लहान मुलांच्या कंठग्रंथीत साठते. म्हणून सुमारे ५०० चौरस किलोमीटर क्षेत्रातील दूध विक्रीस बंदी करण्यात आली आणि हजारो लिटर दूध ओतून टाकावे लागले. चौकशी सर विल्यम पेनी यांच्याकडे सोपविली गेली. त्यांनी त्याच महिन्यात अहवाल दिला. मात्र पंतप्रधान मॅकमिलन यांनी तो प्रसिद्ध होऊ दिला नाही. अमेरिकेबरोबर अण्वस्त्र सहकार्याची बोलणी चालू होती आणि ब्रिटिशांना भट्ट्या सांभाळता येत नाहीत असे वॉशिंग्टनमध्ये दिसावयास नको होते. लोकांपुढे एक सौम्य श्वेतपत्रिका ठेवण्यात आली. मूळ अहवाल तीस वर्षांच्या नियमानुसार जानेवारी १९८८ मध्ये खुला झाला. मधल्या काळात, १९८१ मध्ये, विंडस्केलचे नावही पुन्हा सेलाफील्ड झाले होते.

दूध थांबविण्याचा निर्णय त्वरेने झाला, हे येथे नमूद केले पाहिजे. स्थानिक अधिकाऱ्यांनी लोकांचे रक्षण केले. दडपादडपी वरच्या मजल्यावर झाली, आणि तिची किंमत पुढे फार वर्षांनी द्यावी लागली.

१९८३ मध्ये यॉर्कशायर टेलिव्हिजनचे एक पथक या कारखान्यातील कामगारांच्या प्रकृतीवर माहितीपट करावयास आले. गावात विचारपूस करताना त्यांना कामगारांऐवजी मुलांविषयीच ऐकावयास मिळू लागले. अमक्याच्या मुलीला रक्ताचा कर्करोग झाला, तमक्याचा मुलगा त्यानेच गेला. १ नोव्हेंबर १९८३ रोजी कार्यक्रम प्रसारित झाला आणि देशभर खळबळ उडाली. ब्रिटनमध्ये कर्करोगाची नोंदणी तेव्हा कित्येक वर्षे चालू होती. नोंदी होत्या. त्या एका गावापुरत्या वेगळ्या काढून पाहाव्यात असे मात्र कोणत्याही कार्यालयाला सुचले नव्हते. घरोघर विचारणारा निघाला तो दूरचित्रवाणीचा निर्माता.

सरकारने तातडीने सर डग्लस ब्लॅक यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी नेमली. ब्लॅक हे रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचे माजी अध्यक्ष. ब्रिटनमधील आरोग्यविषयक विषमतेवर त्यांनी १९८० मध्ये दिलेला अहवाल सरकारला अडचणीचा ठरला होता, त्यामुळे त्यांना कोणी होयबा म्हणू शकत नव्हते. जुलै १९८४ मध्ये त्यांचा अहवाल आला. त्याचे सार असे: गावात रक्ताच्या कर्करोगाचे प्रमाण खरोखरच अधिक आहे, ते असाधारण असले तरी देशात एकमेव नाही, आणि कारखान्यातून सोडलेल्या किरणोत्सर्गाने ते घडले असेल असे हिशेबावरून दिसत नाही. तसे घडण्यासाठी मुलांना मिळालेली मात्रा अंदाजापेक्षा शेकडो पटींनी जास्त असावयास हवी होती.

या गावाचा सर्वांत नेटका हिशेब पुढे १९८७ मध्ये साउदॅम्प्टनचे संख्याशास्त्रज्ञ मार्टिन गार्डनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला. १९५० ते १९८३ या काळात सीस्केलमध्ये राहणाऱ्या मातांना झालेली मुले १,०६८. राष्ट्रीय प्रमाण लावले तर त्यांच्यात रक्ताच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ०.५३ अपेक्षित, म्हणजे जेमतेम अर्धा. प्रत्यक्षात झाले पाच.

नानांनी येथे मला थांबविले. "अर्धा मृत्यू म्हणजे काय हो? लेखा विभागात अर्धा पैसा असतो, अर्धे मूल नसते." आक्षेप बरोबर होता. अर्धा याचा अर्थ असा की अशा एक हजार मुलांचे दोन गट घेतले, तर दोहोंत मिळून एखादे मूल दगावेल. पाच हा आकडा त्याच्या नऊ-दहा पट आहे. तरीही तो पाचच आहे. देशात हजारो गावे आहेत. निव्वळ योगायोगानेही कुठेतरी असे पाच जमणारच. आधी बाण सोडावा आणि मग तो जेथे रुतला तेथे वर्तुळ काढावे, तसे होते. सीस्केलविषयी मात्र हा आक्षेप पुरता लागू पडत नाही. कारखान्याच्या सर्वांत जवळचे मोठे गाव तेच होते. वर्तुळ नकाशावर आधीपासून काढलेले होते.

ब्लॅक यांच्या निष्कर्षाला धक्का बसला तो वेगळ्याच बाजूने. सारा हिशेब कारखान्याने दिलेल्या उत्सर्जनाच्या आकड्यांवर उभा होता. १९८६ मध्ये उघड झाले की १९५०च्या दशकाच्या पूर्वार्धात धुराड्यांतून बाहेर पडलेले युरेनियम ऑक्साइडचे कण ब्लॅक यांना सांगितल्यापेक्षा कितीतरी पटींनी अधिक होते. ब्लॅक यांच्याच शिफारशीवरून नेमलेल्या तज्ज्ञ समितीला, कोमारे या संक्षिप्त नावाने ती ओळखली जाते, आपला पहिला अहवाल याच नव्या आकड्यांवर लिहावा लागला. नवे आकडे धरूनही हिशेब जुळत नव्हता, म्हणजे मूळ निष्कर्ष मोडला नाही. तरी त्यानंतर गावातील आईबापांनी त्यावर विश्वास का ठेवावा? सचिवालयात बसणाऱ्यांना वाटते की निष्कर्ष बरोबर असला म्हणजे पुरे. लोक निष्कर्ष तपासू शकत नाहीत, ते सांगणाऱ्याला तपासतात. तीस वर्षे अहवाल दडवून ठेवणाऱ्या व्यवस्थेचे खरे बोलणेही मग खोट्याच्या भावाने जाते.

गार्डनर यांच्या कामात आणखी एक धागा होता. जी १,५४६ मुले दुसरीकडे जन्मली पण सीस्केलच्या शाळांत शिकली, त्यांच्यात वाढीव प्रमाण आढळले नाही. गावाची हवा आणि वाळू तीच, शाळा तीच. मग जन्मापूर्वीच काही घडत असेल काय? फेब्रुवारी १९९० मध्ये त्यांनी उत्तर सुचविले: गर्भधारणेपूर्वी कारखान्यात एकूण १०० मिलिसिव्हर्ट किंवा अधिक मात्रा मिळालेल्या पित्यांच्या मुलांत रक्ताच्या कर्करोगाचा धोका सहा ते आठ पट दिसतो. कामगारांच्या घरांत या बातमीने काय झाले असेल याची कल्पना करावी. प्रत्येक आजारी मुलाचा बाप स्वतःकडे बोट दाखवू लागला असेल. पण सर्वाधिक मात्रेच्या त्या गटात आजारी मुले होती अवघी चार.

दोन कुटुंबांनी कंपनीवर नुकसानभरपाईचा दावा लावला. लंडनच्या उच्च न्यायालयात तो १९९२ मध्ये सुरू झाला. ऑक्टोबर १९९३ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांच्या मुलांत असा परिणाम दिसला नव्हता. शिवाय त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासाने दाखविले की सेलाफील्डमध्ये काम करणाऱ्या बापांच्या मुलांपैकी सीस्केलमध्ये जन्मलेली दहांत एकही नव्हती. बाकीची आसपासच्या गावांत जन्मली, आणि तेथे रोगाचे वाढीव प्रमाण नव्हते. दोष बापाच्या बीजात असता, तर तो एकाच गावात कसा उमटेल? गार्डनर त्याच वर्षाच्या आरंभी वारले. आपल्या सिद्धान्ताचा शेवट त्यांनी पाहिला नाही.

न्यायालयात ५१ टक्के सिद्ध झाले तर सर्व मिळते, ४९ टक्क्यांना काहीही मिळत नाही. याच कंपनीत १९८२ पासून कामगार संघटनांशी ठरलेली एक वेगळी योजना होती, आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ती न्यायालयापेक्षा शहाणपणाची वाटते. कामगाराला कर्करोग झाला, की त्याच्या नोंदवलेल्या मात्रेवरून तो किरणोत्सर्गाने झाला असण्याची शक्यता काढावयाची. ती २० टक्के भरली तरी भरपाईचा चौथा हिस्सा, ३० टक्क्यांना निम्मा, ४० टक्क्यांना पाऊण आणि ५० टक्क्यांना पूर्ण. शंकेचा लाभ तोलून वाटण्याची ही रीत. ती चालू शकली याचे कारण एकच, प्रत्येक कामगाराच्या मात्रेची नोंद वर्षानुवर्षे ठेवलेली होती. गावातल्या मुलांची अशी नोंद असणे शक्यच नव्हते.

मग कारण काय? लिओ किनलेन यांनी १९८८ मध्ये एक सर्वस्वी वेगळा विचार मांडला. आडबाजूच्या, विरळ वस्तीच्या प्रदेशात बाहेरचे लोक एकदम मोठ्या संख्येने येऊन राहिले, की एखादा सौम्य संसर्ग पसरत असावा आणि रक्ताचा कर्करोग हा त्याचा क्वचित होणारा परिणाम असावा. त्यांनी स्कॉटलंडमधील ग्लेनरोदस हे नवे वसविलेले नगर तपासले. तेथे अणुभट्टी नव्हती, तरी मुलांत प्रमाण वाढलेले आढळले. पुढच्याच वर्षी कुक-मोझाफरी, डार्बी आणि डॉल यांनी अशी ठिकाणे तपासली जेथे अणुकेंद्र बांधण्याचा विचार झाला पण ते बांधले गेले नाही. तेथेही तशीच किंचित वाढ दिसली! म्हणजे अणुकेंद्रासाठी जशा जागा निवडतात, त्या जागांतच काहीतरी असावे. तो संसर्ग कोणता हे मात्र अद्याप कोणाला सापडलेले नाही. आपल्याकडील अणुकेंद्रांच्या वसाहतीही अशाच आडवळणी जागी, अवघ्या देशातून आलेल्या कुटुंबांनी भरलेल्या असतात, हे वाचताना माझ्या मनात येऊन गेले.

प्रश्न मिटला असे समजून लोक उठू लागले, तोच डिसेंबर २००७ मध्ये जर्मनीतून एक अभ्यास आला. तो तेथील सरकारच्याच किरणोत्सर्ग संरक्षण कार्यालयाने करवून घेतलेला. सोळा अणुवीज केंद्रे, १९८० ते २००३ हा काळ, पाच वर्षांखालील मुले. केंद्रापासून पाच किलोमीटरच्या आत रक्ताचा कर्करोग झालेली मुले ३७ होती, अपेक्षित होती सुमारे १७. म्हणजे चोवीस वर्षांत, सोळा केंद्रांभोवती मिळून, वीस मुले अधिक. धोका दुप्पट, आणि तरीही वर्षाला सबंध देशात एकापेक्षा कमी मूल. वर्तमानपत्रांनी पहिला आकडा छापला आणि उद्योगाने दुसरा. दोन्ही खरे आहेत. संशोधकांनी स्वतःच लिहिले की केंद्रांतून मिळणारी मात्रा नैसर्गिक किरणोत्सर्गाच्या हजारांशाहूनही कमी असल्याने प्रचलित ज्ञानाने याचे स्पष्टीकरण देता येत नाही. ब्रिटनमध्ये कोमारेने २००५ मध्ये १९६९ ते १९९३ मधील ३२ हजारांहून अधिक बालकर्करोग तपासले होते. वीजनिर्मिती केंद्रांच्या २५ किलोमीटर परिसरात वाढ आढळली नाही. ज्या थोड्या जागी ती होती, त्या सेलाफील्ड, डूनरे यांसारख्या, इंधनाच्या पुनर्प्रक्रियेशी वा शस्त्रनिर्मितीशी संबंध असलेल्या होत्या.

एवढे ऐकून नानांनी जे विचारले, त्याची मला धास्ती होतीच. "हे सगळे त्यांचे झाले. आपल्याकडे कोणी मोजले आहे का?"

तारापूरचे केंद्र १९६९ मध्ये सुरू झाले. त्याच वर्षी संसदेने जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा संमत केला. पहिली गोष्ट वेळेवर उभी राहिली. दुसरीची स्थिती अशी की २०२० मध्येही देशात नोंदवलेल्या मृत्यूंपैकी डॉक्टरने कारण प्रमाणित केलेले मृत्यू २२.५ टक्केच होते. राजस्थानात रावतभाटा येथील केंद्राच्या परिसरात १९९१ मध्ये सुरेंद्र आणि संघमित्रा गाडेकर यांनी घरोघर पाहणी केली. जवळची गावे आणि दूरची गावे यांची तुलना करून त्यांनी जवळच्या गावांत जन्मजात व्यंगे अधिक असल्याचे मांडले. अणुऊर्जा विभागाला ते मान्य झाले नाही. पाहणीचा आधार होता लोकांची आठवण, आणि आठवणीवर शंका घेता येते. पण ती खोडून काढावयास विभागाकडे तरी केंद्र उभे राहण्यापूर्वीची गावनिहाय वही कोठे होती? वाद जेथे होता तेथे राहिला. १९६२च्या अणुऊर्जा कायद्यात माहिती रोखून ठेवण्याची विस्तृत तरतूद होती, तिने संशय वाढविण्याखेरीज काही साधले नाही.

आपल्याला हे जमतच नाही असे मात्र नाही. मुंबईची कर्करोग नोंदणी १९६३ पासूनची, देशातील पहिली. ग्रामीण भागातील पहिली नोंदणी १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यात बार्शीला सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतील गावोगावी कार्यकर्ते जात, लक्षणे समजावून सांगत, आजारी माणसाला रुग्णालयात आणत आणि नोंद करीत. दूरच्या गावातला शेतकरी रुग्णालयाच्या वहीत आपण होऊन येत नाही, त्याच्या दारी जावे लागते, हे तेथे ध्यानात आले. केरळमधील करुनागपल्लीची गोष्ट तर आणखी मोलाची. तेथील किनाऱ्याच्या वाळूत मोनाझाइट असल्याने नैसर्गिक किरणोत्सर्ग इतर ठिकाणांपेक्षा पुष्कळ अधिक आहे. १९९० पासून तेथे कर्करोग नोंदणी ठेवली गेली आणि सत्तर हजारांहून अधिक घरांत उपकरण नेऊन मात्रा मोजण्यात आली. २००९ मध्ये निष्कर्ष आला: सुमारे ७० हजार प्रौढांच्या सरासरी साडेदहा वर्षांच्या निरीक्षणात १,३७९ कर्करोग आढळले, आणि मात्रेबरोबर कर्करोग वाढल्याचे दिसले नाही. मुलांविषयीचा प्रश्न त्याने सुटत नाही. पण या अभ्यासाशी वाद घालावयाचा तर तो आकड्यांनीच घालावा लागतो.

नानांना मी शेवटी माझे मत सांगितले. मुलगा वीज केंद्रावर आहे, पुनर्प्रक्रिया कारखान्यात नाही. जर्मनीतली वाढ खरी धरली तरी एका मुलाच्या वाट्याला येणारा धोका फार लहान आहे, त्या वसाहतीकडे नेणाऱ्या रस्त्यावरच्या धोक्याहून खासच लहान. माझी नात असती तर मी पाठविली असती. मात्र कोणी धोका शून्य आहे म्हणाला, तर त्याला आकडे विचारा. नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "शून्य नाही म्हणालात, म्हणून पटले."

दसऱ्यानंतर सूनबाई बाळाला घेऊन तिकडे गेली. परवा नाना भेटले, नातवाला दात येत असल्याचे सांगत होते. निघताना त्यांनी विचारले, "आणि ते पाच मुलांचे गाव? तिथे आता कोणी राहते का?" राहतात, मी म्हणालो. कोमारेने २०१६ मध्ये पुन्हा तपासले. १९९१ ते २००६ या काळात सीस्केलच्या मुलांत रक्ताच्या कर्करोगाचा नवा रुग्ण नव्हता. सेलाफील्डमधील इंधनाची पुनर्प्रक्रिया २०२२ मध्ये बंद झाली. साफसफाईचे काम पुढील शतकापर्यंत चालेल, आणि ते करणाऱ्यांपैकी काही याच गावात राहतात.